अस्तराला कोण विचारतो

ज्या वर्षी धाकटीचे लग्न झाले आणि तिची थोरली बहीण पाहुणे जेवून गेल्यावर दारात येऊन उभी राहिली, त्या वर्षाचा माझा जन्म. थोरलीला उशीर का झाला, तर ऐन लग्नाच्या सकाळी तिच्या कामावरच्या पंपाने मान टाकली आणि पंपाला तसा सोडून तिचा पाय निघेना. धाकटी तिला काही बोलली नाही. त्यांची मावशी मात्र म्हणाली, "आलीस ना? मग उरलंय ते खा आणि भांडी आवरायला लाग." हे मी पाहिलेले नाही. दोघी बहिणींच्या तोंडून पुढे इतक्यांदा ऐकले, की पाहिल्यासारखेच वाटते.

मित्रांनो, मी एक जुना स्फटिकाचा तुकडा आहे. निदान मला तसे वाटते. खात्रीने सांगायला गेलो की माझाच गोंधळ उडतो. नखाएवढा माझा चौकोनी देह. त्याच्या एका अंगावर लोखंडाचा थर बसवलेला आहे. हा थर इतका पातळ, की असे हजार थर एकावर एक ठेवले तरी कागदाची जाडी भरणार नाही. लोखंड गंजू नये म्हणून त्यावर सोन्याचा त्याहून पातळ वर्ख. लोक माझ्याकडे पाहतात तेव्हा त्यांना थर दिसतो. माझ्या डबीवरही 'लोखंड' असेच लिहिलेले आहे. मी त्या लोखंडाच्या खाली आहे. मग मी म्हणतो तो मी कोण? वरचा की खालचा? एवढे आयुष्य गेले, पण याचे उत्तर मला नीट सापडलेले नाही. तुम्हाला सापडले तर मला जरूर सांगा.

माझे लहानपण भट्टीत गेले. वितळलेल्या रसातून अगदी सावकाश वर ओढून आमचा एक मोठा ठोकळा तयार झाला. माझ्या अंगातले कण रांगेत उभे आहेत, कवायतीच्या मैदानावर मुले उभी असतात तसे. रस सावकाश निवला म्हणून ही रांग लागली. घाईने निवला असता तर मी साधी काच झालो असतो. काचेतले कण जत्रा पांगल्यासारखे कुठेही उभे असतात. यात मोठेपणा कोणाचा, हे मी सांगत नाही. पुढचे ऐका म्हणजे कळेल, किंवा माझ्यासारखे तुम्हीही बुचकळ्यात पडाल.

ठोकळा मग कापणाऱ्याकडे गेला. त्याने तो मेणाने फळीवर चिकटवला आणि हिऱ्याच्या पात्याने त्याच्या चकत्या काढायला घेतल्या. चिकटवताना तो शेजारच्या कामगाराला आपल्या जावयाचे प्रताप सांगत होता. जावई दर दोन-चार महिन्यांनी नवा धंदा काढायचा आणि सासऱ्याला भागीदार व्हा म्हणायचा. त्या बोलण्याच्या भरात ठोकळा केसभर कलला. तसाच तो कापला गेला. म्हणजे माझ्या कणांची रांग एका दिशेने आणि माझा माथा किंचित दुसऱ्या दिशेने, असे झाले. पुढे घासून पुसून आम्हाला आरशासारखे लखलखीत केले. वरून पाहाल तर मी सपाट. पण कणाएवढी बारीक नजर असती तर दिसले असते, की माझा माथा सपाट नसून तो एक लांबलचक जिना आहे. एकेक पायरी एका कणाएवढी उंच, आणि सगळ्या पायऱ्या एकाच बाजूला उतरणाऱ्या. हे कापणाऱ्याला ठाऊक नव्हते, घासणाऱ्याला नव्हते आणि खरे सांगतो, मलाही नव्हते. आपण तिरके आहोत हे ज्याचे त्याला कुठे दिसते?

आमच्या चकतीचे चौकोनी तुकडे करून आम्हाला एका संशोधनशाळेत पाठवले. तिथे तळमजल्यावर शेजारी शेजारी दोन खोल्या होत्या. एकीत थोरली काम करायची, दुसरीत धाकटी. मधली भिंत पातळ होती. एकीने खोकले तर दुसरी पलीकडून "काढा घे" म्हणायची.

थोरलीच्या खोलीत पोलादाचे एक मोठे, गोल, बंद भांडे होते. सगळे त्याला हंडा म्हणत. पंपाने त्यातली हवा काढून टाकायची, आत लोखंड तापवून त्याची वाफ करायची आणि ती वाफ आमच्या अंगावर बसू द्यायची, हे थोरलीचे काम. हंडा म्हातारा झालेला. त्याचा पंप दर काही दिवसांनी रुसायचा. थोरली त्याच्यावर चिडायची, त्याला मुडद्या म्हणायची आणि दुसऱ्या कोणी त्याला नाव ठेवले की त्याच्या अंगावर धावून जायची.

धाकटीच्या खोलीला काळे पडदे होते. एक जडशीळ टेबल, त्यावर आरसे, भिंगे, एक लेझर आणि एक चुंबक. थोरलीने बनवलेल्या तुकड्यांवर प्रकाश टाकून ते काय उत्तर देतात हे मोजायचे, हे धाकटीचे काम. त्यावर तिचा प्रबंध चालला होता. तिथे गारठा फार. म्हणून धाकटी बाराही महिने एक निळे जाकीट घालायची. ते मावशीने शिवले होते. पहिल्याच धुण्यात ते डाव्या बाजूने वर ओढले गेले होते, आणि धाकटी ज्याला त्याला सांगायची, की कापडच हलके निघाले.

एकदा थोरली ते ऐकून म्हणाली, "कापडाला काय झालंय? कापड ठणठणीत आहे. अस्तर आखडलंय. अस्तर आखडतं नि बोल कापडाला लागतो."

"झालं तुझं शिंपीपण सुरू," धाकटी म्हणाली.

हे बोलणे थोरलीला लागायचे, कारण त्यामागे एक जुनी गोष्ट होती. धाकटी जन्मली तेव्हा त्यांच्या आईने अंथरूण धरले. थोरलीला थोड्या दिवसांसाठी म्हणून मावशीकडे ठेवले. ते थोडे दिवस थोरलीचे शिक्षण संपेपर्यंत संपले नाहीत. मावशीचे शिवणकामाचे दुकान होते. थोरली कात्रीच्या कचकच आवाजात वाढली, धाकटी वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी. मोठेपणी दोघी एका छपराखाली कामाला आल्या, तेव्हा लोक म्हणू लागले, एकाच आईच्या पोटच्या, पण धाकटी नाकासमोर चालते आणि थोरली कधी सरळ बोलायची नाही. मला त्या बोलण्याचे तेव्हा काही वाटले नाही. मी डबीत होतो.

माझी सारी भावंडे माझ्याआधी हंड्यात जाऊन आली होती. धाकटीने दोन वर्षे त्यांचीच उत्तरे मोजली होती. शेवटी मी एकटा उरलो. हंड्यातल्या पाटावर एकावेळी बरेच तुकडे बसायचे. माझ्या एकट्यासाठी वाफ करायची म्हणजे एका माणसासाठी अख्खी बस काढण्यासारखे. थोरलीला वाया घालवणे मुळी खपत नसे. तिने माझ्या शेजारी साध्या काचेचा एक तुकडा ठेवून दिला. कधीतरी कामाला येईल, म्हणाली. आत ठेवण्यापूर्वी तिने आम्हा दोघांच्या पाठीवर, एका कडेशी, टोकदार हिऱ्याने एकेक बारीक रेघ ओढली. ही रेघ म्हणजे आमची खूण. मग झाकण लागले, पंप घरघरला आणि माझ्या अंगावर लोखंड उतरले. बर्फ पडतो म्हणतात, तसे काहीसे असावे. मी बर्फ पाहिलेला नाही. माझ्यावर आणि काचेवर एकाच वेळी, एकाच वाफेतून, सारखाच थर बसला. त्यावर सोने बसले. ते माझे बारसे.

आता धाकटी आम्हाला काय विचारायची ते सांगतो. आधी साधा प्रकाश. तो अंगावर टाकायचा, चुंबक एकीकडून दुसरीकडे उलटवायचा आणि परतलेला प्रकाश किती वळला ते पाहायचे. या परीक्षेत मी आणि काच, दोघांचे उत्तर तंतोतंत सारखे आले. दुसरी परीक्षा अवघड. लेझरचा झोत इतका तीव्र करायचा, की लाल प्रकाश आत गेला तर त्यातला चिमूटभर निळा होऊन बाहेर पडावा. लाल प्रकाशाची कंपने दुप्पट झाली की तो निळा होतो, असे धाकटी म्हणायची. तो निळा डोळ्यांना दिसत नाही इतका थोडा. एक नळी त्याचे कण मोजायची आणि यंत्र टिकटिक करायचे. चुंबक उलटवला की तो निळा वाढायचा किंवा घटायचा. माझ्या सगळ्या भावंडांचा वाढला होता. माझाही वाढला. काचेचा घटला.

धाकटीने पुन्हा मोजले. पुन्हा तेच. आरसे पुसले, लेझर गार होऊ दिला, चुंबकाच्या तारा तपासल्या. माझा वाढायचा आणि काचेचा घटायचा. मी टांगल्या जागी विचार करत राहिलो. एकाच वाफेतले आम्ही दोघे. साध्या प्रकाशात एका माळेचे मणी. मग या दुसऱ्या परीक्षेत मी असे काय बोलत होतो जे ती बोलत नव्हती? आणि बोलत होते कोण? मला तर माझा आवाज कधी ऐकूच आला नव्हता.

त्या शाळेत एक मोठे सर होते. त्यांना जुना हंडा मोडीत काढून नवे यंत्र आणायचे होते. नव्या यंत्राबरोबर ते चालवणारा माणूस येणार होता. थोरलीला हंड्याखेरीज दुसरे काम नव्हते, आणि तिच्या वयाच्या बाईला दुसरीकडे कोणी विचारणार नव्हते. हंडा गेला की थोरली गेली, हे तिथला झाडूवालासुद्धा जाणून होता. सर फक्त एक सबब शोधत होते.

ती त्यांना मिळाली. ते काळ्या पडद्याच्या खोलीत आले आणि दोन्ही बहिणींसमोर त्यांनी धाकटीला विचारले, की एकाच खेपेचे दोन थर सारखे आहेत का. धाकटी माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, की नाहीत. सर म्हणाले, म्हणजे हंड्याच्या एका कडेला एक लोखंड बसते आणि दुसऱ्या कडेला दुसरेच. अशा भांड्याचा काय भरवसा? धाकटीने चाचरत विचारले, की खालचा तुकडा वेगळा आहे, त्याने काही फरक पडत असेल का. सर हसले. चहाची चव टेबलावर अवलंबून असते का, म्हणाले. महिनाअखेरीला निर्णय करू, असे सांगून ते निघून गेले.

त्या दिवसापासून पातळ भिंतीपलीकडून काढा घे ऐकू येईनासे झाले. एकमेकींना काही द्यायचे असले तर मधल्या दाराशी ठेवून जायच्या. थोरलीला वाटे, माझ्या हातांवर माझ्याच बहिणीने ठपका ठेवला. धाकटीला वाटे, मोजले तेच सांगितले, यात माझा काय गुन्हा? दोघींचेही बरोबर होते. आणि हे सगळे ज्याच्यावरून झाले तो मी, टेबलावर एका चिमट्यात लटकत, कोणाची बाजू घ्यावी या विचारात पडलो होतो.

महिना संपत आला तेव्हा एका सकाळी थोरली दार न वाजवता आत आली.

"मोज माझ्या देखत," ती म्हणाली. "आणि बसवीन मी. तुझा हात नको लागायला."

तिने चिमटा घेतला, मला कडांनी धरले आणि चौकटीत बसवले. धाकटीने चुंबक उलटवला. यंत्राची टिकटिक मंदावली. माझा निळा घटला.

मित्रांनो, मी आजवर कधी घटलो नव्हतो.

धाकटी चमकली. "काय केलंस तू?"

"बसवलं."

"काहीतरी हललंय. बाजूला हो बघू."

धाकटीने मला काढले, पुन्हा बसवले, मोजले. निळा वाढला. "बघ," ती म्हणाली. थोरलीने तिला बाजूला सारले, मला काढले, पुन्हा बसवले. निळा घटला. "तूच बघ," ती म्हणाली. मग कितीतरी वेळ हेच चालले. एक काढी, एक घाली. एकीच्या हाती मी काचेसारखा, दुसरीच्या हाती भावंडांसारखा. आजवर निदान काच आणि मी वेगळे होतो. आता मी माझ्याहूनच वेगळा झालो. मला घेरी येऊ लागली. धाकटी खुर्चीत बसली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, की हे यंत्रही आता मोडीत काढा, हंड्याच्या सोबतीला जाऊ दे.

थोरली बसली नाही. ती धाकटीच्या जाकिटाकडे बघत होती. डावी बाजू नेहमीसारखी वर ओढलेली.

"ते काढ," ती म्हणाली.

"थंडी वाजतेय मला."

"काढ म्हणते ना."

धाकटीने जाकीट काढून दिले. थोरलीने ते उलटे केले, अस्तर ताणून पाहिले, एकदा उभे आणि एकदा आडवे. मग माझ्याकडे वळली. मला चौकटीतून काढून, पाठ वर करून, दिव्याखाली धरले. तिने स्वतः ओढलेली रेघ तिथे होती.

"तू ही खूण कुठं ठेवतेस?" तिने विचारले.

"खाली. नेहमीच खाली ठेवते. तूच शिकवलंस, खूण कायम एकाच बाजूला म्हणजे घोटाळा नको."

"मी डावखुरी आहे," थोरली म्हणाली. "माझ्या हातून खूण वर जाते."

गोष्ट एवढीच होती. दोन वर्षांत धाकटीने एकाही तुकड्याची खूण कधी वर ठेवली नव्हती. घोटाळा होऊ नये म्हणून जे जपले, त्यातच घोटाळा लपला होता. थोरली जाकीट हातात धरून सांगू लागली, की अस्तर तिरके बेतले असले की वरचे कापड कितीही चांगले असो, एका बाजूला ओढ खातेच. जाकीट उलटे धरले तर ओढ उलट्या बाजूला दिसते. या तुकड्याचेही आतून काहीतरी तिरके असणार. मग दोघींनी मला थोडे थोडे फिरवत मोजले. खूण खाली, खूण डावीकडे, खूण वर, खूण उजवीकडे. माझे उत्तर दर वळणाला बदलत गेले. कागदावर मांडले तेव्हा एका बाजूला फुगलेला आणि दुसऱ्या बाजूला चेपलेला आकार निघाला. काचेला फिरवले तर तिचा मात्र छान गोल वाटोळा आला. तिला कुठूनही विचारा, ती तेच बोलते. तिच्या आत रांगच नाही, तर तिरकी काय होणार?

मग धाकटी एकदम बोलू लागली. ते मी जसे ऐकले तसे सांगतो, चुकले तर पदरात घ्या. लोखंडाच्या पोटात सगळीकडे सारखेच असते. तिथे एका कणाचे म्हणणे दुसरा खोडून काढतो, म्हणून पोटात निळा जन्मत नाही. तो जन्मतो फक्त वरच्या कातडीवर, आणि खाली जिथे लोखंड माझ्या अंगाला टेकते त्या सांध्यावर. साधा प्रकाश पोटातून बोलतो, म्हणून त्यात आम्ही दोघे सारखे. निळा सांध्यातून बोलतो. माझ्या सांध्यावर तिरका जिना आहे, काचेच्या नाही. थर दोन्हीकडे अगदी सारखा होता. हंडा खरा होता. थोरलीचे हात खरे होते.

थोरलीने जाकीट तिच्या खांद्यावर टाकले. हंडा वाचला म्हणून त्या आनंदल्या असतील असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण धाकटीचा चेहरा उतरत गेला, आणि का ते आधी थोरलीच्या लक्षात आले.

धाकटीचा प्रबंध लिहून तयार होता. माझ्या भावंडांची सगळी उत्तरे त्यात होती, आणि ती सारी लोखंडाची म्हणून लिहिली होती. आता कळले, की ती अर्धी आमची होती, आणि तीही एकाच बाजूने विचारलेली. हे सरांना सांगायचे म्हणजे दोन वर्षांच्या कामावर आपल्या हाताने पाणी सोडायचे. न सांगायचे म्हणजे हंडा मोडीत.

थोरलीने चिमटा जागेवर ठेवला. "सांगू नकोस," ती म्हणाली. "मला काय, मावशीचं दुकान आहे. तिची नजर गेलीय, सुईत दोरा ओवायला कोणीतरी हवंच आहे तिला. तू तुझं पुरं कर."

धाकटी तिच्याकडे पाहत राहिली. "माझ्या लग्नाला उशिरा आलीस तेव्हा मी बोलले नाही," ती म्हणाली. "आज बोलते. गप्प बस."

आणि मला उचलून ती सरांकडे गेली.

सर आधी चहा आणि टेबलावर आले. मग खोलीत येऊन त्यांनी स्वतः मला फिरवले. खूण खाली, खूण वर. ते बराच वेळ फिरवत बसले. शेवटी एवढेच म्हणाले, की मग आजवर आपण कोणाचे म्हणणे कोणाच्या नावावर लिहीत होतो? मलाही तोच प्रश्न पडला होता.

हंडा राहिला. प्रबंध मागे पडला. धाकटीने सारे पहिल्यापासून मोजले. थोरलीने तिला निरनिराळ्या तुकड्यांवर थर करून दिले, सरळ कापलेल्या, मुद्दाम तिरक्या कापवून आणलेल्या, आणि साध्या काचेच्या. धाकटीचा नवरा तोवर ज्याला त्याला सांगत सुटला, की आपले लग्न बायकोशी नाही, एका चिमट्याशी लागले आहे. भिंतीपलीकडून पुन्हा काढा घे ऐकू येऊ लागले. आणि डबीवर लिहायची पद्धत बदलली. वर लोखंड किती ते लिहायचेच, पण खाली कोण आहे, कसा कापलेला आहे आणि खूण कुठे आहे, हेही लिहायचे. माझ्या डबीवर मात्र जुनेच राहिले. मला तर सगळेच ओळखत होते, म्हणून माझ्या डबीवर कोणी नव्याने लिहिले नाही.

पुढे माझे बरे दिवस आले. पाहुणे यायचे, मला चौकटीत बसवायचे, फिरवायचे, माना हलवायचे. मऊ डबीत घालून मला दूरच्या शाळांतही पाठवले. माझे कौतुक होई तेव्हा मी ओशाळून जाई, कारण ते घ्यावे कोणी? लोखंडाने, की मी, की आमच्या मधल्या सांध्याने? थोडे मागे गेले तर माझे सारे नाव कापणाऱ्याच्या जावयाच्या धंद्यांमुळे झाले. त्याला हे कोणी कळवलेही नसेल.

मग नवे यंत्र आलेच. नवे तुकडे आले. मी खणात गेलो. खणातले दिवस कसे जातात ते खणात पडल्याशिवाय कळत नाही. एका पोराने एकदा डबी उघडून माझ्या तोंडावर अंगठा टेकवला, काय आहे बघू म्हणून. त्याच्या अंगठ्याच्या रेषा अजून माझ्यावर आहेत. दुसऱ्याने ते पाहून मला सदऱ्याच्या टोकाने पुसले, आणि सोन्यावर ओरखडे पडले. ओरखड्यातून हवा शिरली आणि एका कोपऱ्यात लोखंडाला गंज चढू लागला. झाकण हरवले ते हरवलेच. वाईट कोणाच्या मनात नव्हते. मी काय आहे हे डबीवर नीट लिहिलेले नव्हते, एवढेच.

परवा धाकटीने खण उघडला. तिचे केस पांढरे व्हायला लागले आहेत. अंगात तेच निळे जाकीट होते, बटणे आता लागत नाहीत, आणि डावी बाजू तशीच ओढलेली. अस्तर तिने कधी बदलून घेतले नाही. तिने मला कडांनी धरले, चौकटीत बसवले आणि मोजले. माझा निळा आता अगदी क्षीण झाला आहे. तिने मला फिरवले, खूण खाली, मग खूण वर. खूण वर ठेवून ती बराच वेळ टिकटिक ऐकत बसली. मग नव्या डबीत ठेवून तिने वर लिहिले. काय लिहिले ते मला दिसत नाही. मी आत आहे.

मित्रांनो, मला शिकवण देता येत नाही, कारण माझेच मला अजून पुरते कळलेले नाही. एवढे मात्र मागतो. माझ्यासारख्याला उचलाल तर कडांनी उचला, तोंडावर बोट लावू नका. डबीचे झाकण लावा. आणि कोणाचे तेज पाहाल, किंवा कोणाचा वाकडेपणा पाहाल, तर तो कशावर बसला आहे तेही उलटून पाहा. वरच्याला शाबासकी किंवा शिक्षा देण्याआधी खालच्याला एकदा विचारा. तो नीट उत्तर देईलच असे नाही. मी कुठे देतो आहे? पण विचारा.

माझ्या पाठीवरची रेघ थोरलीच्या हातची आहे आणि माझ्या अंगावरचे लोखंडही. धाकटीच्या मुलीचे दुधाचे दात पडू लागले, त्या वर्षीच्या थंडीत, मंगळवारी सकाळी, कामावर निघायच्या आधी, थोरली वारली. मावशी तिच्या मागून त्याच महिन्यात गेली.